शहामृगाची मुख्य मादी परकी अंडी का उबवते? आणि न उडणाऱ्या पक्ष्याला एवढे पंख कशासाठी?

माळढोक (प्रश्न)

शहामृगांच्या विणीविषयी वाचताना एक गोष्ट मला उलगडली नाही, म्हणून हा धागा काढत आहे. नराने जमिनीत उकरलेल्या एकाच खळग्यात अनेक माद्या अंडी घालतात. मात्र ती उबवण्याचे काम तो नर आणि त्याची मुख्य मादी असे दोघेच करतात, आणि बाकीच्या माद्या अंडी घालून चालत्या होतात. दुसऱ्यांच्या पिल्लांसाठी सहा आठवडे तापलेल्या जमिनीवर बसून राहण्यात या मुख्य मादीचा लाभ तो काय? कोकिळेची अंडी उबवणाऱ्या कावळ्याची निदान फसवणूक झालेली असते. येथे तर सारे मुख्य मादीच्या डोळ्यांदेखत घडते, आणि परकी मादी आली की ती स्वतः बाजूला होऊन तिला घरट्यात बसू देते, असे वर्णन वाचण्यात आले. असा परोपकार निसर्गात टिकतो कसा?

दुसरा प्रश्न शरीररचनेचा आहे. न्यूझीलंडमधील नामशेष मोआ पक्ष्यांत पंखांची हाडेसुद्धा उरली नव्हती. शहामृगही उडत नाही, तरी त्याचे पसरलेले पंख सुमारे दोन मीटर भरतात. मग ते टिकले कशासाठी? आणि पायाला दोनच बोटे असण्यामागे काय कारण असावे?

वाळूत डोके खुपसण्याची गोष्ट खोटी आहे हे मला ठाऊक आहे. कृपया तेवढे सोडून उत्तर द्यावे.

अस्थिवेडा

मी दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पायांची रचना ध्यानात आली की पंखांचे काम समजणे सोपे जाते.

पूर्ण वाढलेला नर १०० ते १५० किलो वजनाचा असतो आणि मान ताठ केल्यावर त्याची उंची अडीच मीटरच्या पुढे जाते. एवढे धूड ताशी सुमारे ७० किलोमीटर वेगाने धावते आणि त्याहून थोडा कमी वेग बराच काळ टिकवून धरते. हे साधण्यासाठी पायाचा खालचा भाग हलका असावा लागतो, कारण प्रत्येक पावलाला जो भाग पुढेमागे झुलवायचा, तो जड असेल तर सारी शक्ती त्यातच खर्ची पडते. म्हणून शहामृगाचे बहुतेक स्नायू कंबरेजवळ आणि मांडीत एकवटलेले आहेत. खाली जवळजवळ नुसते हाड आणि लांबलचक कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे चिवट दोर. पाय टेकताना या कंडरा ताणल्या जातात आणि पाय उचलताना ती साठलेली ऊर्जा परत देतात. पाहणाऱ्याला जो उलटा वळणारा गुडघा वाटतो, तो वास्तविक घोटा आहे. खरा गुडघा वर, अंगालगतच्या पिसांत झाकलेला असतो, आणि त्यात एकाऐवजी दोन वाट्या असतात, जे अन्य कोणत्याही पक्ष्यात आढळत नाही.

आता बोटांकडे येऊ. पक्ष्यांना सामान्यतः चार बोटे असतात, धावणाऱ्या एमूला तीन उरली आहेत, आणि दोनवर आलेला शहामृग हा एकमेव जिवंत पक्षी आहे. त्याचे पाऊल जवळून पाहिले तर ही दोन्ही बोटे अगदीच असमान दिसतात. आतल्या बाजूचे बोट जाडजूड, खाली मऊ गादी असलेले आणि पुढे भक्कम बोथट नख असलेले असते. बाहेरचे बोट त्याच्या निम्म्याहून लहान, बहुधा बिननखाचे आणि तोल सांभाळण्यापुरते असते. शरीराचा बहुतेक भार मोठ्या बोटावरच पडतो. जमिनीला टेकणारा भाग जितका कमी, तितका पाय हलका. घोड्याच्या पायाची बोटे घटत घटत एका खुरावर आली, त्यामागेही हेच कारण आहे. हेच बोट शस्त्र म्हणूनही उपयोगी पडते. शहामृगाची लाथ पुढच्या दिशेने आणि वरून खाली बसते, आणि तिने माणसे दगावल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

या वेगात वळायचे आणि थांबायचे कसे, हा खरा पेच असतो, आणि येथे पंख कामी येतात. एकदम दिशा बदलताना शहामृग एका बाजूचा पंख उघडून तोल सावरतो आणि वेग कमी करताना दोन्ही पसरतो. उड्डाणासाठी लागणारे मोठे छातीचे स्नायू मात्र त्याच्याकडे नाहीत. उडणाऱ्या पक्ष्यांच्या उरोस्थीवर, म्हणजे छातीच्या मधल्या हाडावर, असे स्नायू धरून ठेवणारी उभी कड असते, तर शहामृगाची उरोस्थी सपाट आहे. पिसांतही हा फरक दिसतो. उडणाऱ्या पक्ष्याच्या पिसातील तंतू सूक्ष्म आकड्यांनी एकमेकांत गुंतून एकसंध पाते तयार करतात. शहामृगाच्या पिसात हे आकडे नसतात, म्हणून तंतू सुटे राहतात आणि झुळूक आली तरी हलतात. पिसाच्या मधल्या दांडीच्या दोन्ही बाजूंचे तंतू सारख्याच लांबीचे असतात, जे उड्डाणपिसांत सहसा नसते. पिसांना तेल लावणारी शेपटीजवळची ग्रंथीही शहामृगाला नसल्यामुळे पावसात तो चिंब भिजतो.

शिवाय उन्हात हे पंख अंगापासून दूर धरले की उघड्या मांड्यांना आणि कुशींना वारा लागतो, गार रात्री तेच मिटून मांड्या झाकता येतात, आणि पिल्लांवर सावलीही धरता येते. विणीच्या काळात नर मादीसमोर घोट्यांवर बसून पंख आळीपाळीने डावीउजवीकडे झुलवतो आणि त्याच लयीत मान हलवतो, तेव्हा काळ्या अंगावरची पांढरी पिसे फार लांबून दिसतात. त्यामुळे या पंखांना अवशेष म्हणणे मला पटत नाही. मोआला पंखांचे काम उरले नाही म्हणून ते गेले, शहामृगाला उरले म्हणून राहिले, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय हे पक्षी एकाच न उडणाऱ्या पूर्वजाचे वंशज नाहीत. आनुवंशिक अभ्यासांवरून असे दिसते की त्यांच्या निरनिराळ्या शाखांनी स्वतंत्रपणे उडणे सोडले. मोआचा जवळचा नातलग असलेला दक्षिण अमेरिकेतील टिनामू तर आजही थोडेफार उडतो.

टिटवी

आता घरट्याविषयी. माळढोक यांनी वापरलेला 'परोपकार' हा शब्द मला मान्य नाही, आणि तो का मान्य नाही याचे उत्तर मुख्यतः ब्रायन बर्ट्रम यांच्या अभ्यासात सापडते. त्यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात केनियातील त्साव्हो पश्चिम राष्ट्रीय उद्यानात शहामृगांची घरटी दीर्घकाळ पाहिली, आणि शहामृगाच्या वर्तनाविषयी आज आपण जे खात्रीने बोलतो, त्यातील बराच भाग त्यांच्यामुळे आपल्याला ठाऊक आहे.

मुख्य मादी साधारण एक दिवसाआड एक अंडे घालते आणि तिची स्वतःची अंडी ८ ते १४ च्या आसपास होतात. याच काळात आजूबाजूच्या माद्या येऊन आपापली अंडी घालून जातात, त्यामुळे एका घरट्यातील एकूण संख्या ३० च्या वरही जाऊ शकते. बसलेल्या पक्ष्याच्या अंगाखाली मात्र साधारण २० अंडीच नीट मावतात. म्हणजे प्रत्यक्ष उबवणी सुरू होण्याच्या सुमारास काही अंडी बाहेर काढणे भागच असते, आणि ती कोणती काढायची हे मुख्य मादी ठरवते. ती चोचीने आणि मानेने एकेक अंडे लोटत खळग्याबाहेर नेते. बर्ट्रम यांनी कोणते अंडे कोणत्या मादीचे याची नोंद ठेवली होती, म्हणून त्यांना हे सांगता आले की बाहेर गेलेली अंडी जवळजवळ सर्व परकी होती आणि मुख्य मादीची स्वतःची अंडी मात्र आत राहिली होती. मीटर-दोन मीटर अंतरावर पडलेली ती अंडी मग कोणीच उबवत नाही.

तेव्हा पहिली गोष्ट ही की ती सर्व परकी अंडी उबवत नाही. स्वतःची सर्व ठेवून उरलेल्या जागेपुरतीच परकी ठेवते. दुसरा मुद्दा त्या ठेवलेल्या अंड्यांचा. समजा, तिची दहा अंडी एकटीच घरट्यात आहेत आणि एखाद्या चोराने चार पळवली, तर तिचीच चार गेली. त्यांच्यासोबत आणखी दहा परकी अंडी असतील, तर त्या चारांत तिची सरासरी दोनच असतील. त्यातही तिची अंडी खळग्याच्या मध्यभागी आणि परकी कडेला राहण्याकडे कल असतो, म्हणजे सहज हाती लागणारी अंडी बहुधा दुसऱ्यांची असतात. तरसांचा कळप आला आणि त्याने सगळेच घरटे फस्त केले, तर अर्थातच या हिशेबाचा काही उपयोग नाही. पण एकदोन अंडी नेणाऱ्या चोरांपुरता तो चोख आहे.

या संरक्षणासाठी तिला द्यावी लागणारी किंमतही फारच थोडी आहे, आणि माझ्या मते सारे रहस्य येथेच आहे. शहामृगाचे अंडे सुमारे दीड किलोपर्यंत भरते, जिवंत पक्ष्यांत ते सर्वांत मोठे आहे, पण आईच्या वजनाच्या तुलनेत मात्र ते पक्ष्यांतील सर्वांत लहान अंड्यांपैकी एक ठरते. त्यामुळे प्रचंड देहाखाली दहा अंडी असोत की वीस, उबवणाऱ्या पक्ष्याच्या कष्टांत फारसा फरक पडत नाही. पिल्लेही अंड्यातून बाहेर आल्यावर थोड्याच दिवसांत स्वतः टिपून खाऊ लागतात. त्यांना भरवावे लागत नाही. कावळ्याला कोकिळेच्या पिल्लामागे धावपळ करून अन्न आणावे लागते, म्हणून ती फसवणूक त्याला महागात पडते. शहामृगाच्या बाबतीत तो खर्चच नाही.

उरलेल्या माद्यांना काय मिळते हेही पाहिले पाहिजे. शहामृगांची फार मोठ्या प्रमाणात घरटी नष्ट होतात, आणि ज्यांचे घरटे उद्ध्वस्त झाले किंवा ज्यांना नर मिळाला नाही अशा माद्यांना दुसऱ्याच्या खळग्यात अंडे टाकण्यावाचून पर्याय नसतो. अंडे बाहेर लोटले जाण्याची शक्यता मोठी, पण मुळीच न घालण्यापेक्षा ते बरे. पुढे नैरोबी राष्ट्रीय उद्यानातील घरट्यांवर आनुवंशिक तपासणी झाली, तेव्हा मुख्य माद्याही शेजारच्या घरट्यांत अंडी घालतात असे दिसले, आणि एका घरट्यातील सर्व अंडी त्याच घरट्याच्या नराची नसतात हेही उघड झाले. म्हणजे 'मुख्य' आणि 'इतर' हे कायमचे दोन वर्ग नव्हेत. एकच मादी स्वतःच्या घरट्यात मालकीण असते आणि शेजारी पाहुणी.

माळढोक

टिटवी, मनःपूर्वक आभार. 'खर्चच नाही' हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. यातूनच दोन उपप्रश्न निघतात. सगळी अंडी दिसायला सारखीच पांढरट असताना मुख्य मादी आपली कोणती हे ओळखते तरी कशी? आणि उघड्या माळावर, जिथे झाडझाडोरा नाही, तिथे मैलभरावरून चमकणारी पांढरी अंडी घालणे ही तर शत्रूला दिलेली हाळीच झाली. मातकट किंवा ठिपकेदार अंडी का नाहीत?

टिटवी

ती आपल्याला सारखी दिसतात, म्हणून तिलाही सारखी दिसत असतील असे नाही. जवळून पाहिले तर शहामृगाचे अंडे फिकट हस्तिदंती रंगाचे, चकचकीत आणि बारीक खळग्यांनी भरलेले असते. हे खळगे म्हणजे आतल्या जिवाला श्वास घेता यावा म्हणून कवचात असलेली छिद्रे. अंड्याचा आकार, गोलाई आणि या छिद्रांची मांडणी मादीगणिक थोडी वेगळी असते, आणि ज्या पक्ष्याचा एकेक डोळा सुमारे पाच सेंटीमीटर व्यासाचा, म्हणजे त्याच्या मेंदूहूनही मोठा आहे, त्याला हा फरक दिसणे अवघड नसावे.

रंगाचे उत्तरही प्रयोगातूनच मिळाले आहे. पहिले अंडे घातल्यापासून उबवणी सुरू होईपर्यंत काही आठवडे जातात, आणि त्या काळात अंडी पुष्कळ वेळ उघड्या उन्हात पडून असतात. बर्ट्रम आणि त्यांच्या सहकाऱ्याने काही अंड्यांना तपकिरी रंग देऊन ती पांढऱ्या अंड्यांसोबत उन्हात ठेवली, तेव्हा रंगवलेली अंडी अधिक तापली, आणि तीही गर्भाला धोका पोहोचेल इतकी. थोडक्यात, लपावे तर उन्हाने मरावे आणि उन्हापासून वाचावे तर दिसावे, असा हा पेच आहे, आणि शहामृगाने दिसण्याचा धोका पत्करला आहे.

तो धोका खराच आहे. सुमारे दोन मिलिमीटर जाडीचे कवच फोडणे लहान प्राण्याला सोपे नाही. पण पांढरे गिधाड चोचीत दगड उचलते, मान उंच करून तो अंड्यावर आपटते, आणि कवच फुटेपर्यंत हे करत राहते. जेन गुडॉल आणि ह्युगो व्हान लाविक यांनी १९६६ मध्ये हे वर्तन प्रसिद्ध केले, तेव्हा पक्षीही हत्यार वापरतो याचे ते एक गाजलेले उदाहरण ठरले. उबवणी सुरू झाली की मात्र घरटे क्वचितच उघडे राहते. दिवसा राखाडी-तपकिरी मादी बसते, आणि संध्याकाळपासून सकाळपर्यंत काळा नर बसतो, म्हणजे दोघेही आपापल्या वेळी भोवतालात मिसळून जातात.

पाणवठा

दिवसभर उन्हात बसणाऱ्या मादीबद्दल थोडी भर घालतो. शहामृगाला घाम येत नाही. तो चोच उघडी ठेवून धापा टाकतो आणि श्वासातून वाफ बाहेर टाकून अंग गार राखतो. अशी धाप दीर्घकाळ चालली तर पुष्कळ प्राण्यांच्या रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाजवीपेक्षा घटतो आणि रक्ताचे रासायनिक संतुलन बिघडते. शहामृग मात्र कित्येक तास धापा टाकूनही या बिघाडापासून जवळजवळ मुक्त राहतो, असे प्रयोगांत दिसून आले आहे. पाणी मिळाले तर तो पितो, पण रसदार वनस्पती मिळत असतील तर पाण्यावाचून बरेच दिवस काढू शकतो.

खाण्याबद्दलही एक गैरसमज वारंवार आढळतो, तो म्हणजे शहामृगाला तीन जठरे असतात हा. इतर पक्ष्यांप्रमाणेच त्याच्या जठराचे दोन भाग असतात, एक पाचकरसांचा आणि दुसरा भक्कम स्नायूंचा. या दुसऱ्या भागात गिळलेले खडे साठतात आणि दात नसलेल्या या पक्ष्याचे अन्न तेथे भरडले जाते. चिवट वनस्पतींचे खरे पचन पुढे लांबलचक आतड्यांत, जिवाणूंच्या मदतीने होते. चकाकणारी कोणतीही वस्तू गिळण्याची त्याची प्रसिद्ध खोड बहुधा या खडे वेचण्याच्या सवयीतूनच आली असावी.

अस्थिवेडा

माळढोक यांची मनाई मोडून वाळूविषयी दोनच वाक्ये लिहितो, कारण ती घरट्याशी निगडित आहेत. झुडपात डोके आणि मान लपवली की आपण पूर्ण लपलो असे शहामृगाला वाटते, असे पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याने लिहून ठेवले आहे. पुढे झुडपाची वाळू झाली. संकट दिसताच उबवणारा पक्षी मान जमिनीलगत लांब पसरून निश्चल पडून राहतो, तेव्हा दुरून केवळ मातीचा उंचवटा दिसतो, आणि अंडी फिरवण्यासाठी तो डोके खळग्यात घालतो तेव्हाही ते दिसेनासे होते.

त्याची सावधगिरी मात्र एरवी मान उंच ठेवण्यातच आहे. बर्ट्रम यांनी चरणाऱ्या शहामृगांचीही निरीक्षणे केली होती. एकटा पक्षी वारंवार डोके वर काढून चौफेर पाहतो. गटात असला की प्रत्येकाचे डोके वर असण्याचा वेळ घटतो, तरीही कोणत्याही क्षणी एखादे तरी डोके वर असण्याची शक्यता एकट्यापेक्षा जास्तच राहते. झोपेतही हे सुटत नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शहामृगांच्या मेंदूच्या लहरी नोंदवल्या, तेव्हा गाढ झोपेतही ते मान ताठ ठेवून, डोळे उघडे ठेवून बसलेले आढळले, म्हणजे पाहणाऱ्याला ते जागेच वाटावेत. स्वप्नांशी संबंधित समजली जाणारी झोप लागली की मगच डोळे मिटतात आणि मान डुलून खाली येते.

टिटवी

माळढोक, आपल्या मूळ प्रश्नाचा पुढचा भाग पिल्लांच्या बाबतीत दिसतो, म्हणून तोही सांगते. सुमारे ४२ दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. अंगावर ठिपके आणि काटेरी दिसणारी तपकिरी पिसे असल्याने वाळलेल्या गवतात दबून बसली की ती सापडत नाहीत. शिकारी प्राणी जवळ आला तर नर-मादीपैकी एकजण पंख मोडल्यासारखा फडफडवत, अडखळत त्याला दुसरीकडे ओढून नेतो आणि दुसरा पक्षी पिल्लांना घेऊन सटकतो. इतके करूनही बहुतेक पिल्ले पहिले वर्ष पुरे करत नाहीत.

आता गंमत पाहा. पिल्ले घेऊन फिरणारी दोन कुटुंबे समोरासमोर आली की मोठ्या पक्ष्यांत झटापट होते, आणि जिंकणारी जोडी हरलेल्यांची पिल्ले हिरावून आपल्या कळपात सामील करून घेते. अशा रीतीने वाढत गेलेल्या कळपात निरनिराळ्या वयांची पिल्ले असतात आणि कधी कधी त्यांची संख्या शंभरावर जाते. भांडण पिल्ले टाळण्यासाठी नसून ती मिळवण्यासाठी असते, ही गोष्ट प्रथम वाचली तेव्हा मलाही चमत्कारिक वाटली होती. पण हा हिशेब अंड्यांचाच आहे: पिल्लांना भरवायचे नाही, चालायचे तर सगळ्यांनी सोबतच चालायचे आहे, आणि कोल्ह्याने किंवा गरुडाने एक उचललेच, तर शंभरातले ते एक बहुधा दुसऱ्याचे असेल.